डावा ब्रेक दोनदा

अहवालात लिहिलं होतं, 'वैमानिकाचा अनुभव कमी पडला.' हे खोटं आहे. ब्रेकचं तेल कमी पडलं होतं, आणि ते कमी पडतंय हे मला दोन महिने माहीत होतं. त्या विमानाच्या देखभालीच्या कागदांवर सही माझी आहे. शिक्काही माझाच.

मी हे लिहू नये असं पुष्कळांना वाटतं. "सांगायचं ते चौकशीत सांगून झालं, आता परत कशाला उकरतोस?" असं विचारणारे काही माझे मित्रही आहेत. त्यांनी खुशाल पुढचं वाचू नये. बावन्न वर्षं मी कमी बोललो. लोकांनी त्याला शहाणपण समजलं आणि मी समजू दिलं.

मी विमानं दुरुस्त करायचो. मूळचा नाशिकचा, पण दिल्लीच्या आसपास बावीस वर्षं झाली. बायको गुरुग्रामला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिथेच चौदाव्या मजल्यावर राहतो. ते टॉवर मागे टाकून तासभर गेलं की आमचा फ्लाइंग क्लब लागतो. एक धावपट्टी, एक हँगर, पाच लहान विमानं आणि वैमानिक होण्यासाठी आलेली तीस-पस्तीस मुलंमुली.

त्यातल्या एका दोन आसनी विमानाचा डावा ब्रेक ऑगस्टपासून नरम झाला होता. अशा विमानात पायाशी दोन पेडल असतात. पेडलाचा वरचा भाग चवड्याने दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. दोन्ही सारखे लागले तर विमान सरळ थांबतं. एकच लागला, तर विमान त्या बाजूला फिरतं. एवढंच आहे ते. डाव्या ब्रेकमधली रबराची रिंग, लहान मुलीच्या बांगडीएवढी, जुनी होऊन कडक झाली होती. तिच्या कडेने तेल पाझरायचं. मी रोज सकाळी तेल भरायचो. भरलं की पहिले काही तास ब्रेक शहाण्यासारखा वागे, मग पेडल पोकळ लागायला लागे. अशा वेळी ते एकदा दाबून सोडायचं आणि परत दाबायचं. दुसऱ्यांदा लागायचा.

आमच्याकडे बिघाडाला स्नॅग म्हणतात. वैमानिकाने वहीत स्नॅग लिहिला की विमान बसलं. इंजिनियर दुरुस्त करून सही करेपर्यंत ते हलत नाही. नियम चांगला आहे. आम्ही त्यातून पळवाट काढली होती. लिहायचं नाही, सांगायचं. उतरून आलेला माणूस हेल्मेटची दोरी सोडावी तसे हेडफोन काढता काढता पुढच्याला सांगे, "लेफ्ट दो बार मारना, यार." पुढचा मान हलवे. एक प्रशिक्षक तर मुलांना म्हणायचा, "शादी के बाद समझोगे. पहली बार में कोई नहीं सुनता." मुलं हसायची. मीही हसायचो. दोन आठवड्यांत तो बिघाड राहिलाच नाही, त्या विमानाचा स्वभाव झाला.

ही प्रथा क्लबाने माझ्यावर लादली, वरून दबाव होता, असं म्हणणं मला सोपं गेलं असतं. पण कोणी दबाव टाकला नव्हता. रिंग मागवली होती, ती येईना. विमान बसवून ठेवायचं आणि वाट बघायची, इतकं साधं काम होतं. पण मला एक घमेंड होती. शेजारच्या क्लबांचे इंजिनियर भेटले की मी सांगायचो, "माझं विमान बसत नाही." आमचे प्रमुख प्रशिक्षकही पाहुण्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून हेच वाक्य हिंदीत म्हणायचे. त्या एका वाक्यासाठी मी पहिल्या मुलाला स्वतः सांगितलं होतं, "लिख मत. दो बार दबा ले, बस."

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा झाली. हँगरमध्ये सगळ्या विमानांना झेंडूचे हार घातले, पान्यांना कुंकू लावलं. त्या डाव्या चाकालाही मी कुंकू लावलं. पूजेनंतर दोन दिवसांनी त्याच विमानाची ठरलेल्या तासांची तपासणी होती. तपासणीच्या कागदावर ब्रेकसमोर मी लिहिलं, 'समाधानकारक'. पेनही थरथरला नाही. असं काही लिहिताना हात थरथरतो ही समजूत चुकीची आहे.

अहवालात जिच्यावर ठपका आला ती मुलगी परीक्षांसाठी ऑगस्टच्या सुरुवातीपासून सुट्टीवर होती. तिचे आईवडील दोघेही महाराष्ट्रातले, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, पण ती वाढली दिल्लीतच. माझ्याशी हट्टाने मराठी बोलायची, मधेच शब्द अडला की हिंदीवर उडी मारायची. एकटीने उडण्याचे तिचे बरेच तास झाले होते. ऑक्टोबरात ती परत आली त्या दिवशी तिचं नेहमीचं विमान तपासणीला उघडलेलं होतं. तिला हे विमान मिळालं. या विमानाचा स्वभाव तिला माहीत नव्हता.

तिच्या आधी ते विमान घेऊन गेलेला मुलगा दुपारी उतरला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "सर, लेफ्ट फिर से बैठ रहा है." मी मान हलवली. तिला सांगायला पाहिजे, हे डोक्यात आलं. नेमका त्याच वेळी विमा कंपनीचा सर्व्हेयर क्लब बघायला आलेला. मी त्याला त्याच विमानाच्या पंखाजवळ उभा राहून वही दाखवत होतो. "देखिए, एक भी स्नॅग पेंडिंग नहीं." तो खूश होऊन पानं उलटत होता. ती तिथेच, सहा फुटांवर, विमानाभोवती फिरून टायर, पंख, तेल तपासत होती.

तिने विचारलं, "काका, सगळं ठीक ना?"

मी मराठीत सांगू शकलो असतो. त्या पूर्ण मैदानात आम्हा दोघांशिवाय कोणाला मराठी कळत नव्हतं. पाच-सहा शब्दांचं वाक्य होतं. पण सर्व्हेयरने विचारलं असतं, "क्या बताया आपने?" आणि मला खोटं रचावं लागलं असतं. ते रचण्याचा मला कंटाळा आला, की भीती वाटली? भीतीच. मी म्हटलं, "हो, ठीक आहे. जा."

तिने चार फेऱ्या मारल्या. तीनदा चाकं टेकवून परत उडाली. चौथ्यांदा थांबण्यासाठी उतरली. थोडी वेगात उतरली, हे खरं. सगळीच कधी ना कधी उतरतात, ब्रेक त्यासाठीच असतो. तिने दोन्ही पाय दाबले. उजवा लागला, डावा क्षणभर धरून पोकळ गेला. विमान उजवीकडे फिरलं, गवतात शिरलं आणि कडेच्या नाल्यात पुढचं चाक मोडून नाकावर उभं राहिलं. सर्व्हेयरच्या हातात अजून माझी वही होती.

मी आग विझवायचं नळकांडं घेऊन धावलो. आग नव्हती. ती पट्ट्यांत लोंबकळत होती, खांदा विचित्र वळला होता. मला बघून म्हणाली, "काका, लेफ्ट ब्रेक लागलाच नाही."

"बोलू नकोस," मी म्हणालो. "आधी बाहेर ये."

हे वाक्य ऐकून शेजारी आलेल्या लोकांना वाटलं, किती काळजी. मी ते कशासाठी म्हटलं ते मला त्या क्षणीच माहीत होतं.

तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. चौकशी झाली. नाल्याच्या काठाला घासून डाव्या चाकाकडे जाणारी तेलाची नळी तुटली होती. सगळं तेल मातीत गेलेलं, त्यामुळे आधी किती होतं हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. वहीत एकही स्नॅग नाही. तपासणीच्या कागदावर 'समाधानकारक'. मला विचारलं, मी म्हटलं, "ब्रेक सुस्थितीत होते." ज्या मुलांनी दोन महिने डावा दोनदा दाबला होता, त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेही तसंच म्हणाले. ती एकटी सांगत राहिली की ब्रेक लागला नाही. प्रमुख प्रशिक्षक बाहेर येऊन म्हणाले, "पायलट एरर है यार, सिंपल है. बच्ची है, सीख जाएगी." तिच्या फाइलमध्ये शेरा पडला. बाहेरच्यांना कल्पना नसेल म्हणून सांगतो, असा शेरा असला की पुढे नोकरीसाठी गेल्यावर पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो, आणि बहुधा शेवटचाही.

संक्रांतीला दरवर्षी दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला काला अंबला जातात. बायकोने दोघांची नावं दिली होती. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनासमोरून सकाळी सहाला बस सुटली, धुक्यात रांगत साडेनवाला पोहोचली. स्मारकासमोर कोणी तरी माइकवर आपण का हरलो याची कारणं सांगत होतं. गारठ्याने माणसं पाय आपटत उभी होती. तेवढ्यात कानटोपीवाले एक गृहस्थ माझ्यापाशी आले.

"अहो, तुम्ही क्लबातले ना? इंजिनियर? मी तिचा बाबा."

त्यांना मी एकदाच, हॉस्पिटलमध्ये पाहिलं होतं.

"कधीची तुमची गाठ घ्यायची होती," ते म्हणाले. "आमच्या मुलीमुळे तुमचं चांगलं विमान गेलं हो. माफ करा. तिचं आपलं एकच चाललंय, ब्रेक लागला नाही, ब्रेक लागला नाही. मी म्हटलं, बाई, चुकलं तर कबूल करावं. वस्तूवर ढकलू नये. तुम्ही लोक एवढ्या निगुतीने सांभाळता ते."

त्यांनी डबा उघडला. "घ्या. हिने केल्यात. तूप नाही लावलेलं, गारठ्यात थिजतं."

मी गुळपोळी घेतली. त्यांच्यासमोर उभं राहून अख्खी खाल्ली, आणि विचारलं, "खांदा कसा आहे आता तिचा?"

परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, "तुला काय झालंय? सोनिपत गेलं, तू डोळेसुद्धा मिटले नाहीस." मी तिला सगळं सांगितलं. पुढच्या सीटवरचे ऐकतायत की नाही याची पर्वा केली नाही. तिने खिडकीच्या काचेवरची वाफ हाताने पुसली. मग म्हणाली, "तू हे त्यांना सांगणार आहेस, हे मला सांगतोयस की विचारतोयस?"

"सांगतोय."

"मग विचारल्यासारखा चेहरा करू नकोस. मी परवानगी देणार नाही आणि नाकारणारही नाही. ते तुझं आहे."

आठ दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. सरकारी क्वार्टर, दारात वाळत घातलेले स्वेटर. वडिलांनी हसत दार उघडलं, आईने पाणी आणलं. मी पाणी न पिता सांगितलं. रिंग, तेल, वही, सर्व्हेयर, "ठीक आहे, जा", सगळं. संपल्यावर वडील म्हणाले, "मी तुमची माफी मागितली होती."

"हो."

"आणि तुम्ही पोळी खाल्लीत."

"हो."

ते उठून उभे राहिले. मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, ते फार सोपं झालं असतं. मुलगी आतल्या दारात उभी होती. टेबलावर बँकेच्या परीक्षेची पुस्तकं पडलेली. ती म्हणाली, "बाबा, थांबा. काका, हे तुम्ही मला कशाला सांगताय?"

"तुला कळायला हवं म्हणून."

"मला तर माहीतच होतं. मी होते ना आत." तिचा आवाज चढला नव्हता. "मतलब, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. आणि तोंडी नको. लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी मी प्रमुख प्रशिक्षकांच्या खोलीत गेलो आणि माझं निवेदन त्यांच्यापुढे ठेवलं. आधी त्यांना दाखवायचं हा माझा निर्णय होता, पाठीमागून काही करायचं नव्हतं. माणूस वाईट नाही. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"इसमें 'मैं' बहुत है," ते म्हणाले. "लिख दो कि कम्युनिकेशन गॅप हुआ. सब बच जाएँगे. वो भी, तुम भी."

"गॅप नहीं था, सर. बताने वाला खड़ा था, सुनने वाली खड़ी थी."

"लाइसेन्स जाएगा तुम्हारा."

"जाने दीजिए."

"इस उमर में क्या करोगे?"

"पता नहीं."

ते खुर्चीत मागे रेलले. "तुम मराठी लोग पानीपत से कुछ सीखे नहीं. जहाँ जीत नहीं सकते, वहीं जाके खड़े हो जाते हो."

"वो लड़ने आए थे, सर," मी म्हणालो. "मैं तो तीन महीने से भागा हुआ हूँ."

ते हसले. आजही तो माणूस मला आवडतो, आणि आजही मला वाटतं की त्यांनी त्या दिवशी त्या निवेदनावर पहिली सही स्वतःची करायला हवी होती. त्यांनी केली नाही. मी निवेदन चौकशीच्या अधिकाऱ्यांना पाठवलं.

क्लबात पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात. मी आलो की चहाचं टेबल रिकामं व्हायचं. एका प्रशिक्षकाने ऐकू जाईल असं म्हटलं, "हरिश्चंद्र आ गए." मी त्याला म्हटलं, "बैठो, चाय पियो. तुम्हारा नाम भी लिखा है." ते खोटं होतं, कोणाचंही नाव मी लिहिलं नव्हतं. पण तो उभाच राहिला, आणि मला त्यात आनंद झाला. हेही लपवत नाही.

मार्चमध्ये फेरचौकशी झाली. ती आणि वडील एका बाजूला, क्लबवाले दुसऱ्या, मी मधल्या खुर्चीवर. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आधी तुम्ही वेगळं सांगितलं होतं. आताचं खरं कशावरून?"

मी म्हटलं, "मोडलेलं विमान अजून हँगरच्या मागे पडलं आहे. डाव्या चाकाचा ब्रेक कोणी उघडलेला नाही. नळी तुटली, पण रिंग आतच आहे. उघडून बघा. मी हात लावणार नाही."

दुसऱ्या क्लबाच्या इंजिनियरने माझ्यादेखत ब्रेक उघडला. रिंग बाहेर काढून अंगठ्याने वाकवली तर तिला तडे गेले, जुन्या चपलेच्या पट्ट्याला जातात तसे. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आमच्या धंद्यात इतकी शरम अजून शिल्लक आहे. त्यानंतर मुलंही एकेक करून बोलू लागली. पहिला बोलला तो त्या दुपारी माझ्याजवळून गेलेलाच.

निकाल आला तेव्हा आम्हाला बोलावलं होतं. तिच्या फाइलमधला शेरा काढला. क्लबाला नोटीस. माझा परवाना रद्द, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल वेगळी कारवाई, ती अजून चालू आहे. मी तक्रार केलेली नाही, अपीलही करणार नाही. काही जण म्हणाले, शिक्षा जास्त झाली. मला ती बरोबर वाटते, आणि बरोबर वाटते म्हणून मी मान खाली घालून हिंडणार नाही. ज्या दिवसांत मान खाली घालायला हवी होती तेव्हा मी ताठ हिंडत होतो आणि सगळे नमस्कार करत होते. आता कोणी करत नाही. चालेल.

कार्यालयाच्या जिन्यात ती मागून आली. वडील खाली गाडीपाशी थांबले होते, वर बघत नव्हते.

"काका, एकच विचारते," ती म्हणाली. "मी पाय नीट दाबला होता ना? लेफ्टवाला?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. रिंग सगळ्यांसमोर निघाली होती, निकाल तिच्या हातात होता.

"नाही, मतलब... पाच महिने सगळे सांगत होते ना. बाबासुद्धा. मला पण वाटायला लागलं होतं की मी दाबलाच नसेल. रात्रंदिवस आठवायचे, आणि आठवायचंच नाही. तुम्ही बघत होतात ना तिथून?"

मी बघत होतो. धावपट्टीवर विमान उजवीकडे झुकायच्या आधी त्याचं नाक किंचित दबलं होतं. डावा दाबलाच नसता तर नाक दबतानाच उजवीकडे वळलं असतं; ते आधी सरळ दबलं, म्हणजे डाव्यानेही क्षणभर धरलं आणि मग तो बसला. ते अर्ध्या सेकंदाचं होतं. मी एकट्यानेच पाहिलं असेल, कारण मी एकटाच ते शोधत होतो.

तिला ते सगळं सांगितलं. हाताने नाक कसं दबलं ते दाखवलंसुद्धा.

"नीट दाबला होतास," मी म्हणालो. "तुझा पाय बरोबर होता."

ती थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अच्छा," आणि फाइल काखेत धरून जिना उतरून गेली. उतरताना तिने कठड्याला हात लावला नाही, पायांकडेही बघितलं नाही.